हिवाळ्याआधीची बोलणी

ऑक्टोबर निम्मा झाला की काका स्वेटर काढायचे. सिंगापुरात! बाहेर लिफ्टपाशी उभं राहिलं तरी पाठीला कपडे चिकटतायत, आणि आमचे घरमालक सोफ्यावर राखाडी स्वेटर घालून बसलेले. त्यांच्या हॉलमध्ये एका खिळ्याला हातभर लांबीची लाकडी पट्टी टांगलेली असायची. तिच्या दोन्ही बाजूंना त्यांनी चाकूने खुणा कोरल्या होत्या. कुठे झाड, कुठे मासा, कुठे हातमोजा. तीन-चारशे वर्षांपूर्वी नॉर्वेतले शेतकरी म्हणे घराघरांत अशी काठी ठेवत, तेच त्यांचं कॅलेंडर. एक बाजू उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची, आणि हातमोज्याची खूण आली की हिवाळा लागला. काका त्या दिवशी आंघोळ करून पट्टी उलटी करायचे.

"झाला सुरू. आता एप्रिलपर्यंत जपून."

"कशापासून जपून, काका?" मी पहिल्या वर्षी विचारलं.

"ते आधी कळलं असतं तर हिवाळ्याला कोण घाबरलं असतं?"

आणि मग ते पिशवी घेऊन खाली बाजारात जायचे. तांदूळ, तूरडाळ, साखर, दुधाचे डबे. ज्या देशात चोवीस तास कुठलं ना कुठलं दुकान उघडं, तिथे हा माणूस हिवाळ्याची बेगमी करत होता. सगळं एका कपाटात, आणि कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. नॉर्वेतल्या कोठारांनाही खाली खांब असायचे, उंदीर चढू नयेत म्हणून, हे आम्हाला दर आठवड्याला ऐकवलं जायचं. आमच्याकडे उंदीर नव्हते, मुंग्या होत्या, त्या तरी वाट्यांमुळे वर चढत नव्हत्या.

आम्ही, म्हणजे मी आणि माझा नवरा मंदार, त्यांच्या आंग मो किओच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेऊन राहायचो. मंदारचं ऑफिस तिथल्याच इंडस्ट्रियल पार्कमध्ये. मी नोकरी शोधत होते आणि काळजी करत होते. काळजी करणं हा माझा जन्मजात व्यवसायच आहे म्हणा. मंदारचा नोकरीचा पास रिन्यू होईल की नाही, नाही झाला तर पुण्याला कुठल्या तोंडाने जायचं, झाला तर आई एकटी पडेल त्याचं काय. अशा बाईला घरमालक कसा भेटावा, तर जो बिनहिवाळ्याच्या देशात हिवाळ्याला भितो. आमचं दोघांचं छान जमलं.

नॉर्वे त्यांना चिकटलं कुठून? ते वीसेक वर्षं एका नॉर्वेजियन जहाज कंपनीच्या इथल्या ऑफिसात अकाउंट्सला होते. ऑफिस बंद झालं तेव्हा कुणीच न नेलेली पुस्तकांची दोन खोकी त्यांनी टॅक्सीत घालून घरी आणली. त्याच सुमारास काकू गेल्या. मग रिकाम्या घरात माणूस करणार काय? वाचत बसले. नॉर्वेला ते एकदाही गेले नव्हते, आणि आजच्या नॉर्वेशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मंदारने एकदा तिथल्या तेलाच्या पैशाचं काहीतरी काढलं, तर हात झटकून म्हणाले, "ते नंतरचं. ते सोड." त्यांचं नॉर्वे म्हणजे डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालचं गरीब नॉर्वे. दुष्काळात झाडाची साल दळून पिठात मिसळून खाणारं. एकदा तर मी भाकरी थापत असताना शेजारी येऊन गंभीरपणे विचारत होते, "साल मिसळली तर थापता येईल का ग? की चिरेल?"

"चिरेलच. आणि तुमचे दात पण पडतील," मी म्हटलं.

"हं. म्हणूनच ते लाटायचे." आणि समाधानाने निघून गेले.

माणसांना नाव द्यायचीही त्यांची तीच तऱ्हा. तिथे म्हणे माणसाचं नाव म्हणजे स्वतःचं, मग बापाचं, मग ज्या शेतावर राहतो त्या शेताचं. शेत बदललं की नावाचा शेवटचा तुकडा बदलायचा. "आपल्यासारखंच. फक्त ती माणसं प्रामाणिक. जागा सोडली की नाव सोडायची. मंदार, तू नेवासकर ना? नेवाशाला किती वेळा गेलायस?"

"एकदाही नाही."

"मग कसला नेवासकर? आंगमोकियोकर तू!"

त्या दिवसापासून आम्ही आंगमोकियोकर. फोन उचलून माझ्या आईला सांगायचे, "देतो हां, आंगमोकियोकर वहिनींना देतो." आई बिचारी दर वेळी राँग नंबर म्हणून ठेवून द्यायची. मंदार खो खो हसायचा. मला मात्र त्या नावाची धास्तीच वाटायची. जागेवरून नाव म्हटलं तर उद्या इथून जायला लागलं की आमचं काय उरणार?

आता मुख्य गोष्टीवर येते. काकांना एकच मुलगा, निखिल. लहानपणी इथे आलेला, इथेच शिकलेला, बँकेत चांगल्या हुद्द्यावर. बायको सू लिन, इथलीच चिनी मुलगी, हॉस्पिटलात नर्स. निखिल मनाने लोण्याचा गोळा. दर शनिवारी यायचा, काकांची औषधं बघायचा, त्यांची नखं कापून द्यायचा. मी मंदारला म्हणायचे, बघ, मुलगा असावा तर असा. तर एका शनिवारी निखिल म्हणाला, बाबा, तुम्ही हा फ्लॅट विका, आम्ही आमचा विकतो, आणि दोन्ही मिळून बुकित पंजांगला एक मोठा घेऊ. आमच्या दोघांच्या नावावर राहील, तुम्हाला स्वतंत्र खोली. या वयात एकटं राहू नका.

ज्याने ऐकलं त्याने काकांचं अभिनंदन केलं. इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलं. काकांचं जेवण मात्र त्या दिवसापासून निम्म्यावर आलं. पानातला भात चिवडत बसायचे. स्वेटर घालायचे दिवस नसताना स्वेटर घालायला लागले. मला वाटलं आजारी आहेत.

"काका, निखिलला फोन करू का?"

"नको नको. त्यालाच नको." मग जरा थांबून म्हणाले, "तिकडे म्हातारा-म्हातारीने शेत मुलाच्या नावावर करायच्या आधी काय करायचे, सांगितलंय का मी तुला?"

सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, बोलणी करायचे. मुलाबरोबर, गावासमोर. वर्षाला ओट किती, चीज किती, एक गाय कुणी पाळायची, सरपण कुणी फोडून द्यायचं, चुलीपाशी जागा कुठली. सगळं ठरवून मग किल्ल्या द्यायच्या. आणि ते मुलाला लागू नसायचं, शेताला लागू असायचं. मुलाने शेत परक्याला विकलं तरी त्या परक्याने म्हाताऱ्याला जगवायचं.

"म्हणजे पोटच्या पोराशी करार?" मला राहवलं नाही. "काका, शोभतं का हे? निखिल तुमची नखं कापतो हो!"

"माझा भाऊ वडिलांचे पाय चेपायचा," काका म्हणाले.

मग त्यांनी मिरजेचं सांगितलं. सबंध दोन वर्षांत पहिल्यांदा नॉर्वे सोडून स्वतःचं काही. वडिलांनी घर धाकट्या भावाच्या नावावर करून दिलं. भावाने त्यांच्या पायावर डोकं ठेवून सांगितलं, बाबा, तुम्हाला काही म्हणजे काही कमी पडणार नाही, मागाल ते मिळेल. आणि मिळायचंही. फक्त मागावं लागायचं. काका रजेवर मिरजेला गेले की बघायचे, वडील सकाळी उठून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि खाकरायचे. कुणाचं लक्ष गेलं की चहा. नाही गेलं की परत एकदा खाकरायचं.

"भाऊ वाईट नव्हता ग. तेच तर. वाईट असता तर मी भांडलो असतो. ज्याच्यासाठी जन्मभर सगळं घर चहाला थांबायचं तो माणूस दारात खाकरत उभा. आणि मी आपला आठ दिवसांनी विमानात बसून परत."

मला माझी आई आठवली.

शेवटी एका रविवारी सकाळी बोलणी बसली. काकांच्याच हॉलमध्ये. निखिल, सू लिन, साक्षीदार म्हणून मी आणि मंदार, आणि समोरच्या फ्लॅटमधले मलाय अंकल, कारण बाहेरचा एक तरी हवाच असं काकांचं म्हणणं. सू लिन म्हणाली ब्लॅक अँड व्हाइट करू, कागदावर. काका म्हणाले, "पेपर लूज. नेबर डोन्ट लूज." कागद हरवतो, शेजारी हरवत नाही, यावर मलाय अंकलनी मान डोलावली. मी पोहे केले होते, पण कुणी बशीला हात लावेना. माझं डोकं चालूच. एवढा चांगला मुलगा, उगाच दुखावला जाणार आणि म्हातारपणी बापलेक तुटणार, आणि साक्षीदार म्हणून मी तिथे बसलेली असणार!

काका उभे राहिले. सू लिनसाठी इंग्रजीत बोलले. सकाळचा चहा न मागता मिळावा, सहा वाजता. खोलीला आतून कडी असावी. जेवायच्या टेबलावरची जागा पाहुणे आले तरी हलवू नये. आणि घराचं पुढे काहीही झालं, तुम्ही कुठेही गेलात, तरी हे सगळं त्या घराला लागू राहील.

निखिलचे डोळे भरून आले होते. तो मराठीत म्हणाला, "बाबा, हे सांगायला लागतं का? तुम्हाला हवं ते. काहीही. कधीही."

काकांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं ते खाली बसतायत. "काहीही म्हणू नकोस रे."

"का? मनापासून म्हणतोय."

"तोही मनापासूनच म्हणाला होता."

मिरजेचं निखिलला किती माहीत होतं कोण जाणे. तो गोरामोरा झाला. मंदारने उगाच पंख्याकडे बघितलं.

तेवढ्यात सू लिन म्हणाली, "पा, सिक्स ओ'क्लॉक कॅनॉट."

सगळे तिच्याकडे वळले.

"मॉर्निंग शिफ्ट असेल तर मी साडेपाचला बाहेर. नाइट शिफ्ट असेल तर आठला घरी. सिक्स कॅनॉट लाह. फ्लास्कमध्ये करून ठेवीन. फ्लास्क कॅन?" ती बोलली सगळं तिच्या इथल्या इंग्रजीतच, कॅन म्हणजे चालेल, मी आपलं माझ्या भाषेत सांगतेय.

काका तिच्याकडे बघत राहिले. "फ्लास्क," ते सावकाश म्हणाले. "फ्लास्क कॅन."

"आणि आतून कडी नाही. तुम्ही आत पडलात तर मी दार फोडत बसू?"

"मग नॉक करायचं. आणि मी हो म्हणेपर्यंत थांबायचं."

"नाही म्हणालात तर?"

"तर नंतर यायचं."

"ओके. टेबलची जागा ओके. पण चायनीज न्यू इयरला माझी आई तिथे बसणार. शी व्हेरी फिअर्स वन. तिला मी नाही उठवणार, तुम्हीच सरका."

"एक दिवस?"

"दोन."

मलाय अंकल मोठ्याने हसले. काकांच्या गालांवर रंग परत आला होता. मला काही उमगेना. मुलगा सगळं द्यायला तयार तर हा माणूस खचतो, आणि सून एकेक गोष्ट कापत चाललीय तर खुलतोय!

शेवटच्या अटीवर मात्र सू लिन अडली. म्हणाली, "घर विकलं तर घेणाऱ्याला सांगू का, म्हातारा घराबरोबर येतो? तो पळून जाईल, पा. असं करू, विकायची वेळ आली तर आधी मी तुमची सोय बघेन. मग विकेन. हे कॅन?"

काकांनी हात पुढे केला. तिने तो धरून हलवला. निखिलनेही उठून हात मिळवला, पण नंतर तो बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिला. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाला, "ताई, मी काय कमी केलं यांना?" मी ग्लास त्याच्या हातात दिला. आणि आत काका पोह्यांची बशी हातात घेऊन मला हळूच म्हणाले, "सुनेची काळजी नाही आता. निखिलने एका गोष्टीला नाही म्हटलं नाही बघ. त्याची भीती वाटते."

फ्लॅट विकला गेला. आम्ही सेरंगूनला राहायला गेलो, मला नोकरी लागली, मंदारचा पास रिन्यू झाला, आणि काका फोनवर "काय सेरंगूनकर?" म्हणायला लागले. स्वतः आता पंजांगकर. साक्षीदार म्हणून मी महिन्यातून एकदा बुकित पंजांगला जायचे, एलआरटी या छोट्या रेल्वेत बसून. दर वेळी धाकधूक. आपल्याला काही दिसलं तर? दिसलं तर बोलायचं कुणाला आणि कुठल्या तोंडाने? पहिल्यांदा गेले तेव्हा काकांचं लक्ष नाही बघून मी फ्लास्क उचलून हलवून बघितला. निम्मा भरलेला होता. काकांचं लक्ष होतं. म्हणाले, "मीही रोज असाच हलवून बघतो."

तीनेक वर्षांनी निखिल आणि सू लिनचं बिनसलं. कारणं त्यांची त्यांना माहीत. निखिलने पर्थला बदली मागून घेतली आणि गेला. घर सू लिनकडे राहिलं. मला कळलं तेव्हा मी ऑफिसात होते. परक्या मुलीच्या घरात, नवरा सोडून गेलेला, आणि हा म्हातारा त्या नवऱ्याचा बाप! मी अर्धी रजा टाकून धावले. वाटेत मनातल्या मनात आमच्या खोलीत दुसरी खाट कुठे बसेल त्याचा हिशेब करत होते, आणि घरमालकाला काय सांगायचं त्याचाही.

दार सू लिनने उघडलं. ड्यूटीवरून नुकतीच आली असावी, युनिफॉर्म अंगावरच होता. डोळे सुजलेले. मी काहीतरी चाचरत म्हणाले, काका, त्यांचं आता, म्हणजे तू म्हणशील तर आम्ही...

"सगळे हेच विचारतात," ती वैतागून म्हणाली. "माझी आईपण. आय सेड ऑलरेडी, व्हॉट. तू होतीस ना तिथे?"

होते ना. मी होते तिथे. मला भयंकर लाज वाटली आणि रडू आलं, आणि त्या दमलेल्या मुलीलाच मला टिश्यू आणून द्यायला लागला.

काकांना वाटलं होतं तसंच झालं होतं. बोलणी घराशी झाली होती आणि घर बोललेलं पाळत होतं. पण ते सुखात नव्हते. निखिल रोज फोन करायचा. जेवलात का, औषध घेतलंत का, आणि दर वेळी शेवटी, बाबा, इकडे या, तुमच्यासाठी खोली ठेवलीय, काहीही लागलं तरी मी आहे. काका फोन कानापासून जरा लांब धरून "बघू" म्हणायचे. ठेवल्यावर तासभर कुणाशी बोलायचे नाहीत. रोजचे फोन मग एक दिवसाआड झाले. मग कधी तीन दिवस नाही, आणि मग अचानक एका दिवसात दोनदा, माफी मागत. काका फोनजवळची खुर्ची सोडेनासे झाले. खाली चालायला जायचं बंद. न जाणो, तेवढ्यात वाजला तर? हे मला सू लिननेच सांगितलं. म्हणाली, "ही वेट ओन्ली. होल डे वेट."

एका शनिवारी दुपारी मी तिथे असताना फोन वाजला. चार दिवसांनी. काकांनी स्पीकर लावला, हल्ली ऐकू कमी यायचं.

"सॉरी बाबा, फार काम होतं. उद्यापासून रोज करतो. नक्की. तुम्ही या ना इकडे, तुम्हाला काही म्हणजे काही..."

"निखिल," काका म्हणाले. "तुला काय जमणार नाही, ते सांग."

"असं काही नाही हो. तुमच्यासाठी काय..."

"मग ठेवतो मी." आणि खरंच त्यांचा अंगठा बटणावर गेला. मी "काका!" म्हणून ओरडले.

"थांबा," पलीकडून आवाज आला. मग निखिल बोलला, आणि तो आवाज मी ओळखलाही नसता, इतका दमलेला.

"रोज नाही जमणार बाबा. मी घरी येतो तेव्हा कुणाशीच बोलायची ताकद नसते. आणि तुम्ही इथे आलात तर मला झेपणार नाही. आत्ता तरी नाही. खोलीबिली काही नाहीये, मी एका खोलीतच राहतो. आणि तिच्याबद्दल विचारत जाऊ नका मला. ते नाही सहन होत."

काकांनी डोळे मिटले होते. मी त्यांचा दंड धरला, म्हटलं आता हा माणूस कोसळतो.

"मग काय जमेल?" त्यांनी विचारलं.

"रविवार. रविवारी चार वाजता. तेवढं नक्की."

"चारला मी झोपलेला असतो. पाच."

"पाचला मी कपडे धुवायला जातो, बाबा. पाच नाही. साडेचार."

"साडेचार," काका म्हणाले. "ठीक आहे. ठेव आता. झोप जरा."

फोन ठेवला आणि ते माझ्याकडे वळले. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. माझा हात गच्च धरून म्हणाले, "ऐकलंस ना? तू होतीस ना इथे? नाही म्हणाला तो. चार वेळा नाही म्हणाला मला!"